ऐपत कुणाची पाहायची?

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे अब्बा त्यांतलेच, साचाखात्यात बदली कामगार. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. 'धंद्याची ऐपत नाही' हे शब्द मी प्रथम त्या दिवसांत ऐकले. अब्बा म्हणत, "नसेल ऐपत. पण ती आमच्या पगाराच्या वेळीच कशी आठवते?"

मित्रहो, ऐपतीचा मुद्दा खोटा नाही. १९४८ साली केंद्र सरकारने नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने तो मान्य केला होता. किमान वेतन ऐपत असो वा नसो, द्यायलाच हवे. त्याच्या वरचे न्याय्य वेतन ठरवताना मात्र उद्योगाची ऐपत पाहावी, असे तिचे म्हणणे. पुढे १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्कच नाही.

ही झाली खालची रेघ. वरच्या रेघेचे काय? २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे जाहीर करावे लागते. तो किती पट असावा, याला मात्र मर्यादा नाही.

बी.ए. झाल्यावर मी एका सूतगिरणीत पगारपत्रके लिहायला लागलो. गिरणी तोट्यात होती. कापूस महाग, वीज महाग, सुताला उठाव नाही. हिशेबाच्या वह्या माझ्यासमोरच असत, तेव्हा तोटा खोटा म्हणता येणार नाही. कामगारांचे तीन महिन्यांचे पगार थकले. त्याच तीन महिन्यांत मोठ्या साहेबांचे पगार आणि गाडीभत्ते पूर्ण निघाले. कारण सांगितले गेले, "चांगली माणसे टिकवायला हवीत."

चांगला व्यवस्थापक लागतो, त्याला चांगला पगारही लागतो, हे मला पटते. पण तुटलेला धागा क्षणात जोडणारी रिंगफ्रेमवरची बाई 'चांगल्या माणसांत' मोडत नव्हती. साहेबांना दुसरीकडे नोकरी मिळाली असती, तिला नाही. म्हणून तोटा तिच्या वाट्याला.

मी गप्प राहिलो. माझे नाव ऑफिसच्या पत्रकात होते आणि माझा पगार वेळेवर होत होता. ही गोष्ट आज सांगताना मान खाली जाते.

संपाच्या काळात आमच्या खोलीत सहा माणसांना पुरेल इतके शिजत नसे. अम्मी सगळ्यांना वाढायची आणि उरेल ते स्वतः खायची. पळी तिच्या हातात होती, म्हणूनच ती शेवटी जेवायची. अडचणीतल्या कारखान्यात पगारकपात करावी लागली, तर ती कुठून सुरू करायची, हे मला त्या पातेल्यापाशी कळले होते.