पॅडिंग्टनचे नाव

मायकेल बाँड यांच्या १९५८ मधील इंग्रजी बालकथेत, पेरू देशातून एकटेच आलेले अस्वल लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर ब्राउन कुटुंबास आढळते. त्याचे मूळ नाव कोणास उमगत नाही, म्हणून स्थानकाचेच नाव त्यास मिळते. हे मला खटकते. परदेशी आपल्या नातवंडांची नावेही अशीच छाटली जातात. मात्र त्या घराने त्याचे जुने नाते तोडले नाही. लिमा येथील निवृत्त अस्वलांच्या आश्रमात राहणाऱ्या ल्यूसीस (आत्या की मावशी, हे इंग्रजी शब्दावरून कळत नाही!) तो पत्रे लिहीतच राहतो. आणि त्याचा जिवलग कोण? पोर्टोबेलो रस्त्यावरील जुन्या वस्तूंचे दुकानदार ग्रुबर. तेही हंगेरीहून आलेले. अस्वलास ‘मिस्टर ब्राउन’ म्हणून आडनावाचा मान देतात, ते हेच गृहस्थ.