अद्वैत म्हणजे एकटेपण नव्हे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील प्रवचनाचे शब्दांकन)



शताब्दीच्या सोहळ्यात बोलायचं म्हणजे दिंडीचा इतिहास सांगावा, मागच्या पिढीतल्या विणेकऱ्यांची, टाळकऱ्यांची आठवण काढावी, ही रीतच आहे. ती सेवा इतर वक्त्यांनी केली. मला मात्र दिंडीच्या मंडळींनी वेगळं काम नेमून दिलं. ते म्हणाले, "महाराज, रात्री तळावर पोरं एक प्रश्न घेऊन येतात. त्याचं उत्तर आम्हाला नीट देता येत नाही. त्यावर बोला."

प्रश्न असा आहे. हे सगळं खरंच आहे, की नुसतं माझ्या मनात चाललंय? ही वाट, ही राहुटी, शेजारी झोपलेला माणूस, घरी असलेली आई, हे माझ्या मनाच्या बाहेर आहे हे मी कशावरून धरू?

ज्याला हा प्रश्न कधी पडला नाही त्याला हसू येईल. पण ज्याला तो लागतो त्याची झोप जाते. छाती धडधडते, घास उतरत नाही. माणसांत बसलेला असतो, पण मध्ये काच असावी तसं वाटतं. आवाज लांबून आल्यासारखे येतात. आईच्या तोंडाकडे बघतो आणि पुन्हा तेच, ही खरी का? मग सगळ्यात मोठं भय वाटतं ते हे, की आपल्याला वेड लागतंय. म्हणून तो कोणाला सांगत नाही. आतल्या आत कुढत राहतो.

त्याच्यासाठी पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. अशी शंका येणं म्हणजे वेड नव्हे. फार थकवा, जागरण, मोठी भीती, घरातलं एखादं मरण, यानंतर जग थोडा वेळ परकं, स्वप्नासारखं वाटणं पुष्कळ माणसांना होतं. डॉक्टर मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. आणि "मला असं वाटतंय, पण हे वाटणं बरोबर नसावं" एवढं ज्याला कळतं, त्याची बुद्धी जागेवर आहे.

आता ही शंका येते कुठून? थोडी मोबाइलमधून येते. आपण सगळे कुठल्या तरी मोठ्या संगणकातली चित्रं आहोत, असं सांगणारे व्हिडिओ पोरं रात्री दोन वाजेपर्यंत बघतात. पण थोडी आपल्या कीर्तनातूनही जाते. महाराज आवेशात म्हणतात, "आई-बाप, बायको-पोरं, घरदार, सगळं मिथ्या आहे हो!" मृदंगावर थाप पडते आणि कीर्तन पुढं जातं. जाणत्याला कळतं की बोलणं आसक्तीबद्दल आहे. हे सगळं कायमचं माझं, असं धरून बसू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. चौदा वर्षांचं पोरगं मात्र शब्दशः घेतं. ते घरी जातं आणि भाकरी थापणाऱ्या आईकडे बघत बसतं.

म्हणून 'मिथ्या' या शब्दाचा अर्थ आधी नीट लावू. मिथ्या म्हणजे 'नाहीच' असं वेदांतातही कोणी म्हटलेलं नाही. नाहीच असणाऱ्या गोष्टीला आपल्या शास्त्रात वेगळे दाखले आहेत, सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. दोरीवर साप दिसतो तो मिथ्या. पण दोरी आहे ना? दिवा आणला तर साप जातो, दोरी कुठं जात नाही.

आद्य शंकराचार्यांचं नाव घेऊन जग खोटं ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्याच आचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायात, नेमका या पोरांचाच प्रश्न घेतला आहे. बाहेर वस्तू नाहीच, जे काही आहे ते मनातलं ज्ञान, असं म्हणणारे विज्ञानवादी त्या काळी होते. आचार्यांनी ते मत खोडून काढलं. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की जेवता जेवता, पोट भरल्याचं समाधान अनुभवत असताना, एखाद्यानं "मी जेवत नाही आणि माझं पोटही भरत नाही" म्हणावं, तसं हे बोलणं आहे. आणि स्वप्नाचा दाखला द्याल, तर जाग आल्यावर स्वप्न मोडतं. जागेपणी दिसणारं तसं मोडत नाही. दोन्ही एकाच मापानं मोजता येत नाहीत. ज्यांच्या नावानं आपण जगाला खोटं म्हणतो, त्यांनीच जगाला मनातलं म्हणू दिलेलं नाही.

आणि गीतेचा सोळावा अध्याय आठवा. तिथं आसुरी संपत्तीची लक्षणं सांगितली आहेत. त्यात, हे जग असत्य आहे, त्याला आधार नाही, ईश्वर नाही, असं म्हणणं कोणाच्या पदरात घातलंय? देवानं ते असुरांच्या पदरात घातलंय.

आपल्या माउलींनी तर याहून गोड सांगितलं. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. अमृतानुभव हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ, दहा प्रकरणांचा. त्यातलं अज्ञानखंडनाचं सातवं प्रकरण सगळ्यात मोठं आहे. तिथं माउली अज्ञानालाच आव्हान देतात. जग म्हणजे अज्ञानातून उठलेलं भूत, हे त्यांना मान्य नाही. जे दिसतं तो त्या एका चैतन्याचाच विलास आहे, तेच नटून समोर उभं आहे. बांगडीत सोनं नाही असं कोण म्हणेल? बांगडी आटवल्याशिवाय सोनं भेटत नाही असंही नाही. बांगडी हातात धरली की सोनंच हातात आलं. तसं समोरचा माणूस बघितला की देवच बघितला.

इथं पोरांची गल्लत होते. त्यांना वाटतं, सगळं एकच आहे म्हणतात, म्हणजे मी एकटाच आहे. मायबापहो, ही दोन वाक्यं दिसायला जवळ आहेत, पण एक पंढरीला जातं आणि दुसरं उलट्या वाटेनं. "मीच आहे, बाकी माझ्या मनातलं" यात मी एवढा फुगतो की सगळ्या जगाला गिळतो. "तोच सगळ्यांत आहे" यात मी वितळतो आणि समोरच्याच्या पाया पडतो. पहिल्यात माणूस एकटा पडतो, म्हणून तर त्याला भय वाटतं. दुसऱ्यात जिकडं बघावं तिकडं सोयरा भेटतो. वारकरी वारकऱ्याला "माउली" म्हणून वाकतो तेव्हा तो हेच सांगत असतो, की तू माझ्या मनातलं चित्र नाहीस. तुझ्यातही तोच पुरा उभा आहे.

नाथबाबांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. रामेश्वराला वाहायची म्हणून गंगेची कावड घेऊन निघाले. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी ते पाणी गाढवाला पाजलं. नाथ अद्वैती होते की नव्हते? पुरे अद्वैती होते. मग ते असं का म्हणाले नाहीत, की गाढव माझ्या मनातलं, तहान माझ्या मनातली, चला पुढं? कारण ज्याला सगळ्यांत एकच दिसतो, त्याला दुसऱ्याची तहान जास्त खरी वाटते, कमी नव्हे. ज्ञान खरं की खोटं, याची ही कसोटी धरा. ज्या ज्ञानानं दुसऱ्याची भूक खोटी ठरते ते ज्ञान नव्हे. तो मनाला झालेला आजार आहे, आणि आजारावर इलाज असतो.

तर इलाजाकडं येऊ.

एक पोरगा दिवे घाट चढताना माझ्याबरोबर दीड तास वाद घालत होता. मी म्हटलं, गाथा तुझ्या मनानं रचली असती तर पाठ करायला तुला एवढे कष्ट का पडतात? तो हसला. पण लगेच म्हणाला, "महाराज, ते कष्टसुद्धा मनातलेच असतील." त्याचं बरोबर होतं. ही शंका अशी आहे की तिला दिलेलं प्रत्येक उत्तर ती गिळते. "तेही मनातलंच" म्हटलं की झालं. म्हणून आजवर कोणाची ही शंका नुसत्या वादानं सुटलेली मी तरी पाहिलेली नाही. खरूज खाजवल्यासारखं आहे ते. खाजवताना बरं वाटतं, मग जास्त खाजतं.

तेव्हा पहिलं पथ्य, खाजवू नका. स्वतःला चिमटे घेऊन बघणं, आईला दहादा "तू खरी आहेस ना" विचारणं, मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ शोधणं बंद करा. शंका आली तर "शंका आली" एवढंच म्हणा. "सत्य कळलं" म्हणू नका. ढकलूही नका, तिच्याशी भांडूही नका. ती बरोबर चालत असेल तर चालू द्या, तुम्ही आपली वाट सोडू नका.

दुसरं, देहाला कामाला लावा. आपल्या पूर्वजांनी याची मोठी सोय करून ठेवली आहे. तळपायाला वाटेची खडी लागते. हातात टाळ आहे, त्याचं पितळ गार लागतं, वाजलं की हाताला झिणझिणी येते. नीरेचं पाणी अंगावर घ्या. बुक्क्याचा वास घ्या. जीव घाबरला की डोळ्यांना काय दिसतं, कानांना काय ऐकू येतं, हाताला काय लागतं, हे एकेक मोजा. मानसोपचार करणारे डॉक्टरही भेदरलेल्या माणसाला हेच करायला सांगतात.

तिसरं, अशा दिवसांत डोळे मिटून एकट्यानं आत बघत बसू नका. आत बघूनच घाबरलात, अजून किती बघाल? आपला देव डोळे उघडे ठेवून बघायचा देव आहे. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, त्याच्या पायावर डोकं ठेवता येतं. संतांनी निर्गुण जाणलं आणि तरी सगुणाच्या पायाशी आले, ते उगीच नव्हे. नाम घ्यायचं तर मोठ्यानं घ्या, चार माणसांत घ्या, टाळाच्या तालावर घ्या. शेजारच्याचा आवाज चढतो, आपला त्यात मिसळतो. त्या वेळी मी एकटा आहे, हा विचार टिकत नाही.

चौथं, झोप आणि जेवण. पालखी आळंदीहून निघाली की पंढरपूरपर्यंत जवळजवळ अडीचशे किलोमीटरची चाल आहे. रात्री बाराला झोपून पहाटे तीनला उठणारं शरीर पाचव्या दिवशी काहीही दाखवील. ज्याला हा त्रास आहे त्यानं कडक उपास करू नये, जागराला बसू नये, चहावर दिवस काढू नये. गांजा-भांगेच्या तर सावलीलाही उभं राहू नये. साधूची वस्तू म्हणून कोणी पुढं करील, घेऊ नका. तिनं हा त्रास नसलेल्यालाही होतो.

पाचवं, एका माणसाला सांगा. आणि त्रास दिवसेंदिवस चालू राहिला, काम-अभ्यास सुटला, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, कोणी आपल्या वाईटावर आहे असं वाटायला लागलं, जीव नकोसा झाला, तर थांबू नका, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडं जा. सरकारची टेलिमानस नावाची सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळी लागली तर घ्यावी. गुडघ्याला तेल लावतो तसं ते आहे. त्यानं भक्ती उणी होत नाही.

आणि थोरांना हात जोडून सांगणं आहे. पोरानं सांगितलं तर "नामस्मरण कमी पडतंय" म्हणू नका. देवऋषाकडं नेऊ नका. "अंगात आलंय" म्हणून त्याच्याभोवती गर्दी करू नका. त्याला शेजारी बसवा, पंगतीत वाढायला लावा. वाढणाऱ्याला समोरच्या पानाकडं बघावं लागतं. कोणाला आमटी हवी, कोणाचं मीठ राहिलं. दुसऱ्याच्या ताटात लक्ष गेलं की मनाचा पिंजरा थोडा उघडतो. कीर्तनकार मंडळींनी 'मिथ्या' म्हटलं तर पुढचं वाक्यही पुरं करावं. पंचवीस-तीस पोरं खाली बसलेली असतात. त्यातलं एखादं आधीच घाबरलेलं असतं.

आता हे एवढं करून शंका कायमची जाईल का? कोणाची जाईल, कोणाची अधूनमधून डोकावेल. डोकावली तरी चालेल. चांगदेवांना लिहिलेल्या पासष्टीत माउली सांगतात की तू आणि मी एकच आहोत. आणि तरीही त्यात भेटीची ओढ आहे. एवढ्या ज्ञान्यांनाही दुसऱ्याची भेट हवी वाटली, तर तुम्हा-आम्हाला वाटली त्यात नवल काय? प्रश्न सुटेपर्यंत थांबून मग माणसांवर माया करू, असं कोणी ठरवू नये. माया आधी करावी. प्रश्न मागून येतील.

आपल्या दिंडीची वीणा शंभर वर्षं गळ्यातून गळ्यात फिरते आहे. पहारा बदलतो तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मगच वीणा हातची जाते. ज्यांनी ती पहिल्यांदा घेतली त्यांना आपण पाहिलं नाही, ते आपल्या मनात कधीच नव्हते. जे पुढं घेतील ते अजून जन्मले नाहीत. मधल्या थोड्या वाटेपुरती ती आपल्याकडं आहे. ज्याचं मन फार भेदरलं असेल त्यानं पुढच्या पहाऱ्याला उभं राहावं. आम्ही वीणा त्याच्या हातात देऊ आणि त्याच्या पाया पडू.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!