जेलर, मास्तर आणि इंजिनीअर

आज तीन पिक्चर घेऊन आलोय. एक १९५७ चा, एक १९९५ चा आणि एक २००४ चा. तिन्हींची गोष्ट तशी एकच आहे: शिकलेला माणूस बाहेरून येतो आणि आडरानातल्या लोकांचं भलं करायला बघतो. आणि तिन्हींचं आपल्या सातारा-सांगलीशी नातं आहे.

सुरुवात ‘स्वदेस’पासून. मी शाळेत असताना हा आजीबरोबर टीव्हीवर पाहिला. नासातला मोहन भार्गव, म्हणजे आपला शाहरुख, चरणपूरला येतो. पिक्चरमध्ये चरणपूर उत्तर प्रदेशात आहे. पण नदीचा घाट दिसला आणि आजी ओरडलीच, “आरं, ह्यो तर मेणवलीचा घाट! आपुन वाईच्या गणपतीला गेल्तो तवा बघितलाय की!” आजीचं बरोबर होतं. शूटिंग मेणवलीतच झालंय. आपली वाई ‘गंगाजल’मध्ये बिहार झाली, ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश झाली. सगळ्यांची गावं झाली, स्वतःचं सोडून.

असो. पुढे बीटेकला असताना हॉस्टेलवर ‘स्वदेस’ परत पाहिला आणि डोक्यात बसला. मोहन गावकऱ्यांना घेऊन पाण्यावर वीज तयार करतो, म्हातारीच्या घरात बल्ब लागतो. मी ठरवलं, आपणपण असं काहीतरी करायचं.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. पुण्यात नोकरी लागली, पहिला बोनस आला आणि मी गावच्या शाळेला कॉम्प्युटर दिला. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले. पुढच्या दिवाळीला जाऊन बघतो तर कॉम्प्युटरवर भरतकाम केलेला रुमाल! मास्तर म्हणाले, “सर, लाईट सारखी जाते, चालू होईना झालाय. तुम्हाला दोनदा फोन केला होता.” मिस्ड कॉल खरंच होते. मी मीटिंगमध्ये होतो. नंतर राहूनच गेलं.

त्याच दिवाळीत मी ‘बनगरवाडी’ पाहिला. अमोल पालेकरांचा, व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा. माडगूळकर आमच्याच माणदेशातले. जुन्या औंध संस्थानातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे, शाळा ओस. हळूहळू तो वाडीचा होतो. लोकांचे अर्ज लिहितो, भांडणात पडतो, सगळ्यांना घेऊन तालीम उभी करतो. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते. मास्तरचं काही चुकलेलं नसतं, तरी दुष्काळापुढे त्याचं काही चालत नाही. ‘स्वदेस’ बघून छाती फुगते, ‘बनगरवाडी’ बघून मान खाली जाते. खरं सांगू? मला दुसरा जास्त पटला. तो मास्तर वाडीत राहिला तरी. मी एक खोकं ठेवून पुण्याला आलो.

तिसरा सगळ्यात जुना, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’. एक जेलर सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेतो, बेड्यांशिवाय ठेवतो आणि शेती करायला लावतो. कुणाला वाटेल, हे पिक्चरमध्येच होतं. पण या कथेमागे खरी जागा आहे: आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानात १९३९ साली तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली आणि ती आजही आहे. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे व्यंकटेशांचे थोरले भाऊ. पुढे बर्लिनच्या महोत्सवात पिक्चरने बक्षीस मिळवलं. लहानपणी मी स्वतंत्रपूरच्या वाटेने कितीदा गेलोय, पण कुणी सांगितलंच नाही! आज बघताना भाषण जरा जास्त वाटतं, पण जेलर कैद्यांसोबत राबतो, हे बघण्यासारखं आहे.

आता गंमत बघा. मेणवलीच्या घाटावरून जी कृष्णा वाहते, तिचंच पाणी पुढे कराडजवळ टेंभूला उचलतात आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत आमच्या आटपाडीत आणतात. म्हणजे ‘स्वदेस’ची नदी ‘बनगरवाडी’च्या माळावर आली! पण ती कुणा मोहन भार्गवने दोन गाण्यांच्या मधे आणली नाही. नव्वदच्या दशकापासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने पाणी परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, बायाबापड्या वर्षानुवर्षं उन्हात बसल्या. आमची आजीपण जायची. ती म्हणायची, “आपुन बसलो म्हणून पाणी उठलं.” यावर पिक्चर निघाला तर हिरो कोण ठेवणार?

म्हणून माझं मत असं: ‘स्वदेस’ जरूर बघा, पण त्याच आठवड्यात ‘बनगरवाडी’पण बघा. एकटा शाहरुख बघितला की माझ्यासारखं होतं.

आणि हो, गेल्या आठवड्यात मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, “या की सर, पण या वेळी दोन दिवस राहायला या.” शनिवारच्या एसटीने निघतोय. नवीन कॉम्प्युटर नेत नाहीये, जुना उघडून बघणार आहे.

तुमच्या गावात कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालंय आणि पडद्यावर त्याला कुठलं गाव म्हटलंय, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटूया पुढच्या भागात!