करभार कोणाच्या खांद्यावर?



ज्याला केवळ विहारासाठी स्वतःची नौका बाळगता येते, त्याने राष्ट्राच्या तिजोरीत अधिक वाटा घालावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात अशा विलासनौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला; मच्छीमार नौकेवर तो ५ टक्के आहे. उपजीविका आणि विलास यांत केलेला हा भेद योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की हा भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो?

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. १९९० साली तेथे कायदा झाला आणि १९९१ च्या आरंभापासून खासगी नौकेच्या किमतीतील एक लाख डॉलरवरील रकमेवर १० टक्के कर बसला. हेतू धनिकांकडून वसुली करण्याचा होता. परंतु नौका विकत घेण्याची सक्ती धनिकावर नव्हती. कोणी खरेदी पुढे ढकलली, कोणी जुनी नौका घेतली, कोणी पैसा अन्यत्र वळविला. मंदीचा काळ होताच. त्यात या कराची भर पडली आणि नौकाबांधणीच्या कारखान्यांतील कारागीर बेकार झाले. अखेर १९९३ साली तेथील संसदेने नौकांवरील हा कर रद्द केला. कर लावला धनिकावर, भरला कामगाराने!

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला भ्रमराचा दृष्टांत देतात. फुलाला इजा न करता मध घ्यावा, तसा राजाने कर घ्यावा. या दृष्टीने पाहता, खरेदीच्या क्षणीच जबर कर घेण्यापेक्षा मालकीवर, नौकेच्या लांबीनुसार वार्षिक कर घेणे अधिक न्याय्य ठरेल. नौका नवी असो वा जुनी, देशी असो वा परदेशी, उपभोग घेणाऱ्याला तो टाळता येणार नाही आणि बांधणाऱ्याच्या पोटावर पाय येणार नाही. शिवाय दरवर्षी प्रत्येक नौकेची व तिच्या मालकाची नोंद होईल. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गेच आले होते, हे विसरून चालणार नाही.

शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधवून घेतली, ती कुशल कारागिरांच्या बळावर. विलासावर कर अवश्य असावा; पण नौका घडविणारे हात त्यामुळे रिकामे होऊ नयेत, ही दक्षता शासनाने घेतलीच पाहिजे.