रीफ टँकमधला दगड उकळायच्या आधी हे ऐका

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, माझ्या फिश टँकवर आहे. खरं सांगायचं तर माझ्या एका मूर्खपणावर आहे. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं की मध्ये दोन आठवडे एपिसोड का आला नाही. त्याचं उत्तर आज देतो.

मी डॅलसजवळ राहतो. घरात साठ गॅलनचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात मासे कमी, प्रवाळ जास्त. त्यातले सगळ्यात सोपे आणि स्वस्त म्हणजे झोअँथिड. हॉबीवाले लाडानं त्यांना झोआ आणि पॅली म्हणतात. बटणाएवढी रंगीत फुलंच जणू. आई सुट्टीला आली होती, ती तर त्यांना 'तुझी शेवंती' म्हणायची.

तर एका दगडावर तपकिरी पॅली इतक्या माजल्या होत्या की बाकीच्यांना जागाच उरली नव्हती. एका व्हिडिओत पाहिलं, उकळतं पाणी ओता, मरून जातात. मी दगड काढला, किचनच्या सिंकमध्ये ठेवला, किटली रिकामी केली आणि ब्रशनं खसाखसा घासला. मस्त वाफ आली. किचन उघडं, हॉल लागूनच, आणि हॉलमध्ये आई सोफ्यावर बसून सीरियल बघत होती. आईला दमा आहे. हे मला माहीत होतं, पण दगड घासताना ते डोक्यातही आलं नाही.

अर्ध्या तासात माझं नाक गळायला लागलं, खोकला सुरू झाला. वाटलं, एसीमुळे असेल. संध्याकाळी चहा केला. आई एक घोट पिऊन म्हणाली, "काय रे, चहात नाणी उकळलीस काय?" मलाही तोंडात तीच धातूसारखी चव येत होती. रात्री दोघांनाही थंडी वाजून ताप आला, अंग ठणकायला लागलं आणि आईला बोलताना धाप लागायला लागली. तेव्हा कुठे मी 'पॅली, उकळतं पाणी, ताप' असं सर्च केलं आणि हातपाय गार पडले.

त्या विषाचं नाव पॅलिटॉक्सिन. हवाईच्या माउई बेटावर, हाना गावाजवळच्या एका समुद्री डबक्यात ते वाढतं, आणि भाल्याच्या टोकाला लावलं की माणूस वाचत नाही, अशी तिथली जुनी सांगी आहे. 1971 मध्ये मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्याच भागातल्या झोअँथिडमधून हे विष वेगळं काढलं. ज्ञात विषांमधल्या सगळ्यात जहाल विषांत त्याची गणती होते.

ते काम कसं करतं, ते ऐका. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. सराफाच्या दुकानात कधीकधी दुहेरी दार असतं ना, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, तसंच त्याचं चालतं. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि दोन्ही दारं एकदम उघडी ठेवतं. मग सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर पळतं. स्नायू, हृदय, फुप्फुस, सगळं याच पंपावर चालतं.

आणि यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करतात. इमर्जन्सीमध्ये डॉक्टरांनी आधी फ्लूची टेस्ट केली. मी फोनवर 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द दाखवला तेव्हा त्यांनी पॉयझन कंट्रोलला फोन लावला आणि पुढची चक्रं फिरली. आई रात्रभर ऑक्सिजनवर होती. मी तीन दिवसांत बरा झालो, तिचा खोकला दोन आठवडे गेला नाही. व्हिजिटर इन्शुरन्सची कथा वेगळी, ती परत कधीतरी.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालंय असं नाही. 2007 मध्ये जॉर्जिया राज्यात एकानं अगदी हेच केलं होतं, उकळतं पाणी ओतून. 2014 मध्ये अलास्कात अँकरेजला नुसता टँक लावताना माणसं आजारी पडली. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँक साफ करताना एक अख्खं कुटुंब आजारी पडलं, आणि मदतीला आलेल्या फायर ब्रिगेडच्या लोकांनाही हॉस्पिटलात जावं लागलं.

गंमत म्हणजे, आणि ही वाईट गंमत आहे, उकळल्यानं हे विष मरत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे बारीक थेंब घरभर पसरतात. म्हणून गरम पाणी, मायक्रोवेव्ह, प्रेशर वॉशर, हवेत ब्रश मारणं, वाळलेला दगड खरवडणं, हे सगळं बाद. कोणता झोआ विषारी आणि कोणता नाही, हे बघून कळत नाही. काहींत जवळजवळ काहीच नसतं, काहींत भरपूर. त्यामुळे सगळेच विषारी धरा.

मी आता काय करतो? कापायचं असेल तर पाण्याखालीच, बादलीत. नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि बाजूनंही बंद असलेला गॉगल. कारण कापताना हे प्राणी पिचकारी मारतात, आणि डोळ्यात गेलं तर बुबुळावर जखम होऊ शकते. हाताला चीर असेल तर त्या दिवशी काम रद्द. खिडक्या उघड्या, घरात दुसरं कोणी नाही, कुत्रामांजरही नाही. किचनमधली एकही वस्तू वापरायची नाही. नंतर बादली, कात्री, ग्लोव्ह्ज सगळं ब्लीचमध्ये अर्धा तास, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. ब्लीचनं हे विष निकामी होतं. पण एक लक्षात ठेवा, टँकवाले पंपावरचा चुना काढायला व्हिनेगर वापरतात. ते ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

डोळ्यात उडालं तर चोळू नका, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तोंडात धातूची चव आली की ताप यायची वाट बघत बसू नका. घराबाहेर मोकळ्या हवेत या आणि हॉस्पिटल गाठा. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर 1-800-222-1222, महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी 108. विषाचं आणि प्राण्याचं नाव इंग्रजीत फोनच्या नोट्समध्ये आत्ताच लिहून ठेवा, ऐन वेळी स्पेलिंग आठवत नाही.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दगडी प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. कोणी ऑनलाइन विकत असेल तर हात लावू नका. आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला झोअँथिडचे गालिचे दिसतात. वाकून बघा, फोटो काढा, पण खरवडून घरी आणू नका.

टँक विकला का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. तो पॅलीवाला दगड मात्र ब्लीच करून टाकून दिला. आईला सुरुवातीला मी 'व्हायरल आहे' असंच सांगितलं होतं. एअरपोर्टवर सोडताना खरं काय ते सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ती किटली टाकलीस ना?"

टाकली होती. सिंकमधला स्पंजही टाकला. चला, पुढच्या एपिसोडमध्ये परत कोडिंग. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा.