भाजलेली कातडी, पोळलेली कातडी
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा शिक्षक. आज कातडीविषयी बोलायला उभा आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याचे कारण माझ्या उजव्या मनगटावर आहे. शिकत असताना घरच्या शेतात ऊस तुटल्यावर पाचट पेटवत होतो. वारा फिरला आणि हात भाजला. घरच्यांनी मायेपोटी शाई ओतली, वर हळद-तेल थापले. पाचव्या दिवशी पू झाला. जखम भरायला दीड महिना लागला आणि परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला. पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत ठेवा, हे मी एरवी जमिनीसाठी सांगतो. आज हातासाठी सांगतो.

कातडी म्हणजे नुसते कुंपण नव्हे, त्यात राखणदारही असतात. वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असतात. जर्मनीतील पॉल लँगरहान्स यांनी 1868 साली त्यांचे वर्णन केले. बाहेरचा जंतू किंवा रसायन आत आले की या पेशी त्याचा अंश घेऊन काख-जांघेतील गाठींकडे जातात आणि तेथील पांढऱ्या पेशींना त्याची ओळख करून देतात. गाजर गवताने अंगाला खाज सुटते ना, तीही याच राखणदारांनी नको तेथे केलेली हाकाटी.

आता गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. गुळाचा पाक काहिलीतून उतरताना 115 अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि वर चिकटतो. म्हणून पाकाचा चटका खोल जातो. वरवरच्या चटक्यात कातडी लाल होते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काही तासांत पांढऱ्या पेशी तेथे जमतात. ही सूज उपयोगाची असते. खोल भाजल्यावर मात्र बारीक रक्तवाहिन्याच गोठतात. मग पांढऱ्या पेशी तेथे पोचत नाहीत आणि पोटात घेतलेले औषधही नीट पोचत नाही. पाट बुजला की वाफ्याला पाणी मिळत नाही, तसेच हे.

उष्णतेने वरचे बरेच जंतू मरतात, त्यामुळे पहिल्या दिवशी जखम स्वच्छ वाटते. पण केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींत दडलेले जंतू एक-दोन दिवसांत वर येतात, बाहेरचे त्यात भर घालतात. मेलेली कातडी म्हणजे त्यांना आयते खत. माझा पू पाचव्या दिवशी का झाला, हे मला पुढे वाचनातून उमगले.

जॅक्सन या शल्यचिकित्सकांनी 1953 साली दाखविले की मेलेल्या भागाभोवती एक पट्टा अर्धमेला असतो. त्यातील रक्तप्रवाह मंदावलेला असतो. तो पट्टा पुढील दोन-तीन दिवसांत वाचतो किंवा जातो. तो वाचविणे आपल्या हातात आहे. भाजताच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे आणि भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. मोटारीचे पाणी मचूळ किंवा गढूळ नसेल तर चालेल. बर्फ लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. फोड फोडू नयेत. शाई, टूथपेस्ट, तेल, हळद काही नको. शेण तर नकोच, त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा विजेचा चटका असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नये.

उन्हाचे नुकसान ज्वाळेशिवाय होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी कातडी पोळली की लँगरहान्स पेशींपैकी काही मरतात, काही जागा सोडतात. त्या भागाची राखण काही दिवस ढिली पडते. काहींच्या ओठावर कडक उन्हानंतर पाणीदार पुळ्या उठतात, त्या यामुळेच. विषाणू शरीरात आधीपासून दबून असतो. हेच किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्यही बिघडवतात आणि अशा पेशी वेळीच हेरणारे कमी झालेले असतात. वर्षानुवर्षे असे झाले तर कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सावळ्या रंगाने संरक्षण मिळते, पण पुरते नाही. ओठांना तर फारच थोडे.

तेव्हा खुरपणी, काढणी सकाळी लवकर धरावी आणि 11 ते 3 या वेळात सावलीतली कामे काढावीत. टोपीपेक्षा पागोटे किंवा रुंद काठाची हॅट बरी, कारण टोपीने कान आणि मान उघडी राहते. अंगात पूर्ण बाहीचा घट्ट विणीचा सदरा असावा. ओठावरची किंवा कानावरची खपली महिनाभरात भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी.