चंडिकेचा घट आणि घरचं बियाणं

नवरात्र आलं की आम्ही काटोलच्या चंडिकेला जातो, ओटी भरतो. जैमिनीच्या अश्वमेधात चंद्रहास राजाची गोष्ट आहे. दुष्टबुद्धी प्रधानानं त्याच्यासाठी चंडिकेच्या देवळात मारेकरी बसवले होते. त्या गोष्टीतलं कुंतलापूर म्हणजे आपलं काटोल, असं जुनी माणसं सांगत आली. देऊळ फार जुनं, हे खरंच.

पण आज बोलायचं ते घटाबद्दल. टोपलीत वावरातली माती, तिच्यात धान्य पेरायचं, वर पाण्याचा घट. दसऱ्यापर्यंत पिवळे तुरे वर येतात. कुणाचे दाट, कुणाचे विरळ. विरळ आले की सासू म्हणते, देवी रुसली. आम्हाला वाटतं, देवी कशाला रुसेल? बी कोंदट जागी राहिलं असेल, किडलं असेल. घट म्हणजे बियाण्याची पारखच की!

हाच सण सोयाबीन सोंगायचाही. तेव्हाच बियाणं वेगळं काढायचं, नाहीतर सगळं बाजारात जातं आणि जूनमध्ये पिशवीसाठी उसनवारी. कपाशीचं संकरित बी दरसाल विकतच घ्यावं लागतं, तिथं इलाज नाही. सोयाबीन मात्र सरळ वाणाचं असेल तर घरचं बी तीन वर्षं चालतं. फक्त त्याचं साल फार पातळ. मळणी यंत्र हळू फिरवायला सांगा. पोती उंचावरून आपटू नका, एकावर एक फार रचू नका, ओलीच्या भिंतीला टेकवू नका. हे घरात बाईच्याच नजरेत राहतं, गड्यांच्या नाही.

मग मे महिन्यात पुन्हा घट बसवायचा, गोणपाटाचा! ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, म्हणजे 100 दाणे मांडा. मोठे-मोठे निवडून नको, पोत्यात वर, मध्ये, खाली जसे हाताला येतील तसे घ्या. गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवडाभरात उलगडून चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो पुरे. कमी निघाले तर त्या मानानं बी वाढवा. फारच कमी असतील तर ते पेरू नका, विकून टाका. मे महिना आहे, दुसरीकडून आणायला वेळ असतो.

बैठकीला येताना आपापली गुंडाळी आणा. तिथंच मोजू.